खरातच्या माठाला कोणी हात लावत नसे

शिपाई नव्हता तो. आधी एवढं लिहून टाकतो, मग बाकीचं.

खरात गेला हे मला पेपरातून कळलं. औरंगाबादला सकाळचा चहा घेत बसलो होतो. आतल्या पानावर अगदी खालच्या कोपऱ्यात तीन ओळी होत्या. बदनापूर येथील सेवानिवृत्त शिपाई उत्तम खरात यांचे अल्पशा आजाराने निधन. पश्चात पत्नी, दोन मुली, जावई, नातवंडे. मी कप असा आदळला की बशीचे दोन तुकडे झाले. माणूस गेल्याचं दुःख आधी व्हायला हवं होतं, ते नंतर झालं. आधी डोकंच फिरलं. तसाच उठून पेपरच्या कचेरीत फोन लावला. तिकडच्या बाई सौजन्यानं म्हणाल्या, "सर, निवृत्तीच्या कागदावर जे होतं तेच घरच्यांनी लिहून दिलंय." मी फोन ठेवला. बाईंचं बरोबर होतं. कागदोपत्री खरात परिचर म्हणूनच निवृत्त झाला होता, आणि मेलेल्या परिचराला आपण शिपाई म्हणून मोकळे होतो. पण मुळात तो प्रयोगशाळा सहायक होता. त्याचा परिचर कसा झाला हे नीट माहीत असलेला माणूस आता मी एकटाच उरलोय. या गोष्टीला पाच आठवडे झाले. राग उतरेल म्हणून थांबलो होतो. उतरला नाही, म्हणून लिहायला बसलो.

जालना जिल्हा नुकताच वेगळा झाला होता, त्या काळातली ही हकिगत. जनावरांचे रोग तपासायची एक छोटी प्रयोगशाळा तेव्हा जालन्यात होती. आता ती नाही, तिची इमारतही नाही. मी परतूरचा, घरी कापसाची बक्कळ शेती, नुकताच गुरांचा डॉक्टर होऊन नोकरीला लागलेला आणि अंगात भलती रग. खरात माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा, बदनापूरहून रोज रेल्वेनं यायचा. तो मला 'डॉक्टर' म्हणायचा आणि मी त्याला नुसतं 'खरात'. इतरांना मी गणपतराव, देशमुखकाका म्हणायचो, याला मात्र उत्तमराव म्हणावं असं कधी सुचलं नाही. का सुचलं नाही, हे सांगायची गरज नाही. आपल्याकडच्या माणसाला ते बरोबर कळतं.

प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत ससे आणि गिनीपिग यांचे पिंजरे होते. ती खोली खरातची. मॅट्रिकच्या पुढं शिकायला न मिळालेला हा माणूस, पण त्याच्याइतका काटेकोर हात मी पुढं मोठमोठ्या ठिकाणीही पाहिला नाही. रोज सकाळी एकेका गिनीपिगचा ताप बघायचा आणि वहीत लिहायचा. त्याआधी थर्मामीटर दोन मिनिटं मुठीत धरून बसायचा. मी एकदा चेष्टेनं म्हणालो, "खरात, फार लाड चाललेत तुमच्या लेकरांचे." तो म्हणाला, "लाड न्हाई डॉक्टर. गार काच लागली का ते दचकतं, दचकलं का अंग तापतं. मंग तो ताप रोगाचा का भीतीचा, हे कसं वळखायचं?" मी पाच वर्षं कॉलेजात काढली होती, पण हे मला कुणी शिकवलं नव्हतं. जनावरांना नावं द्यायची मात्र त्याला चीड होती. नाव ठेवलं की सुई टोचताना हात कापतो, म्हणायचा. ज्याला आपण टोचणार, मारणार, त्याला आपल्या करमणुकीसाठी नाव कशाला द्यायचं... हे त्याचं म्हणणं मी त्या वेळी हसण्यावारी नेलं.

एका पावसाळ्याच्या शेवटी घनसावंगीकडच्या एका गावात म्हशी गाभडायला, पोटातलं रेडकू अवेळी टाकायला लागल्या. गोदावरीच्या अंगाचं गाव, चहूकडं ऊस. आम्ही दोघं जीपनं गेलो. मी म्हशींचं रक्त काढत होतो, तेवढ्यात मालक सहज बोलून गेला की उसाला पाणी देणारी बाई पण तापानं पडलीय. खरात बाटल्या खाली ठेवून तिच्या घराकडं गेला आणि पळतच परत आला. "डॉक्टर, जल्दी चला. डोळे लालभडक झालेत बाईचे, अन् पोटरीला हात लावू देइना." तिचं नाव सखूबाई. तापाचा पाचवा दिवस. मान वाकवता येत नव्हती, आणि नवऱ्याला भावाच्या नावानं हाक मारत होती. अंगावर पिवळेपणा कुठं नव्हता. बाहेरचं काहीतरी लागलंय म्हणून दाराला लिंबं बांधली होती. नवरा आपला एकच वाक्य बोलत होता, "उसाला पानी धरत होती हो, दुसरं काय बी केलं न्हाई तिनं." आम्ही तिला जीपमध्ये घालून दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरनं लांबूनच बघितलं आणि मेंदूज्वर असं लिहिलं. खरातनं त्याच्या हातापाया पडून तिच्या रक्ताचे चार थेंब मागून घेतले आणि म्हशींसाठी आणलेल्या नळ्यांत सोडले. चार दिवसांनी सखूबाई गेली. कागदावर मेंदूज्वरच राहिला, आणि तो कशानं आला असं कुणी विचारलं नाही. बिनजमिनीच्या बाईला ताप का आला, हे विचारायला या देशात वेळ कुणाला असतो?

खरातला होता. त्यानं त्या नळ्या काळ्या कागदात गुंडाळून अंधारात ठेवल्या. नळीत सशाच्या रक्ताचा सीरम घातलेलं, थुलथुलीत जेलीसारखं जंतूंचं खाद्य असतं. काही रक्त त्यानं गिनीपिगांना टोचलं. सुमारे तीन आठवड्यांनी नळीत वरून बोटभर खाली एक धुरकट कडं धरलं. मायक्रोस्कोपमधून आधी त्यानंच पाहिलं आणि मला ओरडून बोलावलं, "डॉक्टर, या या, पळून राह्यलेत!" काळ्या पडद्यावर चांदीच्या बारीक तारा, पीळ घातलेल्या, टोकाशी आकड्यासारख्या वळलेल्या, स्वतःभोवती गरगर फिरत होत्या. लेप्टोस्पायरा. उंदरांच्या मुतातून उसाच्या पाण्यात उतरणारा आणि अनवाणी पायांच्या भेगांतून माणसात शिरणारा जंतू. हा रोग पुस्तकात होता, नाही असं नाही. पण आमच्या भागातल्या डॉक्टरांच्या डोक्यात एकच बसलेलं होतं की कावीळ असेल तर हा रोग, कावीळ नसेल तर नाही.

आणि इथंच खरातचे गिनीपिग बोलले. ते पिवळे पडले नाहीत. चढलेला ताप उतरला आणि मग त्यांतले दोन मान एका अंगाला कलती करून पिंजऱ्यात गोल गोल फिरायला लागले. खरातनं ते वहीत वेळ घालून लिहिलं. आम्ही त्यांचे मेंदू काढले, मी स्लाइड रंगवल्या. मेंदूवरच्या पातळ आवरणाखाली सुजेच्या पेशींची दाटी झाली होती, आणि लिव्हर जवळजवळ ठीक. म्हणजे सखूबाईला जे झालं तेच, तिच्याच रक्तातून, आमच्या डोळ्यांसमोर. खरात कितीतरी वेळ त्या स्लाइडवरून उठला नाही. मग म्हणाला, "कावीळ व्हायची वाट बघत बसले तर मानूस डोक्यानंच जाईल, डॉक्टर. पेनिसिलिन तर दर दवाखान्यात पडून हाय. पहिल्याच दिवशी सुई दिली असती तर..." त्या दिवसापासून त्याला एकच गोष्ट हवी होती. उसाच्या पट्ट्यातल्या प्रत्येक दवाखान्यात एक पत्रक जावं : ताप आहे, डोळे लाल आहेत, पोटऱ्या दुखतात, तर काविळीची वाट बघू नका, सुई द्या. बस, एवढंच. त्याला नाव नको होतं, बढती नको होती. मी सगळं लिहून लांबच्या एका मोठ्या प्रयोगशाळेकडं पाठवलं. तिकडून उत्तर आलं की स्लाइडवरून काही सांगता येणार नाही, जंतू जिवंत पाठवा. तो पटला तर पत्रकाची शिफारस करू. नळ्यांवर खरातच्या अक्षरात 'सखू' लिहिलेलं होतं. जनावरांना नाव न देणाऱ्या माणसानं जंतूला मात्र तिचं नाव दिलं होतं. "तिचा ताप वाया जाऊ द्यायचा न्हाई," म्हणाला.

उत्तर येईपर्यंत मार्च संपला होता. जालन्याचा उन्हाळा ज्यांनी काढलाय त्यांना पुढचं सांगायला नको. एप्रिलमध्ये उरलेले गिनीपिग उष्म्यानं एकामागून एक मेले. सगळी मदार आता नळ्यांवर आली. बाहेर पारा बेचाळीसच्या वर. असल्या उन्हात पार्सल पाठवणं म्हणजे जंतू उकडून पाठवणं. तेव्हा जूनमध्ये हवा उतरली की पाठवायचं असं ठरलं. तोवर ते जगवायचे कसे? फ्रिज त्यांना जास्त गार, खोली जास्त गरम, आणि वीज तर कधी येईल कधी जाईल याचा नेम नाही. खरातनं तोड काढली. माठ.

या माठाची कथा आधी सांगायला हवी. व्हरांड्यात आमच्या सगळ्यांचा एक माठ होता. खरात नोकरीला लागला त्या उन्हाळ्यात त्याच्या लक्षात आलं की आपण पाणी प्यालो की मागून ग्लास वेगळा विसळला जातो. बोललं कुणीच काही नाही. आमच्याकडं बोलत नाहीत, विसळतात. पुढच्या सोमवारी तो बदनापूरच्या गाडीतून मांडीवर एक नवा माठ घेऊन आला आणि व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला तिवईवर ठेवला. गाडीच्या गर्दीत काठाचा एक टवका तेवढा उडाला होता. त्यावरही कुणी काही बोललं नाही. उलट सगळ्यांना हायसं वाटलं. आता सखूच्या नळ्यांसाठी त्यानं त्याच माठात अर्ध्यापर्यंत पाणी ठेवलं, आत विटेवर दूधपावडरचा पत्र्याचा डबा बसवला आणि डब्यात सखूच्या नळ्या. वरून झाकण, झाकणावर ओलं फडकं बांधलेलं. आत थर्मामीटर सोडून बघितला तर अगदी हवं तेवढं तापमान. स्वतः तेव्हापासून घरून बाटली आणायचा. मी म्हणालो, "खरात, अहो पिण्याच्या माठात जंतू? कुणी चुकून प्यालं म्हणजे?" तो हसला. त्याचं ते हसणं मला आजही ऐकू येतं. "डॉक्टर, कपाटाला कुलूप हाय अन् त्याच्या चाव्या तिघांकडं हायत. ह्या माठाला कुलूप न्हाई, पन चार वर्षांत एकानं हात लावला न्हाई. याच्यापेक्षा सेफ जागा जिल्ह्यात दाखवा." यावर मी काय केलं? मी पण हसलो. विनोद चांगला होता. नोकरीला लागल्यापासून मीही त्या माठातलं घोटभर पाणी प्यालो नव्हतो, हे त्या हसण्यात वाहून गेलं.

मे महिन्यात नवे साहेब आले. साहेब वाईट माणूस नव्हता, हीच तर अडचण. बाहेरच्या जिल्ह्यातले, खादी घालणारे, चळवळीतून आलेले. आल्या आल्या त्यांना व्हरांड्याच्या दोन टोकांचे दोन माठ दिसले. विचारलं, हे काय? सगळ्यांनी माना खाली घातल्या. साहेबांना समजायचं ते समजलं आणि त्यांचा चेहरा लाल झाला. खरा संताप होता तो, नाटक नव्हतं. त्या दिवशी मी आणि खरात घनसावंगीकडं गेलो होतो. साहेबांनी आमच्या मागं हुकूम सोडला : उद्या सकाळी सगळ्या कर्मचाऱ्यांसमोर आपण स्वतः खरातच्या माठातलं पाणी पिणार, आणि तिथून पुढं कार्यालयात एकच माठ राहणार. पेपरच्या वार्ताहराला निरोप गेला. गणपतराव नावाचे आमचे शिपाई, खरेखुरे शिपाई, त्यांना माठ घासूनपुसून भरायला सांगितलं. या सगळ्यात ज्याचा माठ त्याला विचारावं, असं एकालाही वाटलं नाही. उपकार करताना विचारायची पद्धत नसते.

सकाळी मी पोचलो तेव्हा खुर्च्या मांडल्या होत्या. माठाला झेंडूचा हार घातला होता. नळ्या कुठं आहेत? मी गणपतरावांकडं बघितलं, ते हात बांधून उभे. साहेबांचं भाषण सुरू झालं होतं. वार्ताहर कॅमेरा घेऊन पुढं आला होता. मी स्वतःला सांगितलं की खरातनं डबा आधीच काढून ठेवला असणार. मी स्वतःला सांगितलं की माठ धुतलाय, आता काय होतंय. मी हेही सांगितलं की मध्येच उठून 'थांबा' म्हटलं तर लोक म्हणतील, परतूरच्या या जमीनदाराच्या पोराला साहेबानं त्या माठातलं पाणी पिणं बघवलं नाही. माणूस तीन मिनिटांत स्वतःला किती कारणं देऊ शकतो! साहेबांनी ग्लास भरून घेतला आणि कॅमेऱ्याकडं बघून तोंडाकडं नेला...

बदनापूरची गाडी त्या दिवशी लेट होती. खरात फाटकातून आत आला, त्यानं हार बघितला, ग्लास बघितला. पिशवी टाकून पळत आला आणि साहेबांच्या हातातला ग्लास खाडकन उडवला. पाणी साहेबांच्या खादीवर. साहेबांना वाटलं, यानं आपल्याला झिडकारलं. त्यांचे डोळे भरून आले. "अरे, मी तुझ्यासाठी..." एवढंच ते बोलू शकले. खरातनं हात जोडले, म्हणाला, "साहेब, ह्ये पानी न्हाई प्यायचं. कोनीच न्हाई प्यायचं." आणि माझ्याकडं बघितलं. मी सांगेन म्हणून बघितलं. मी जमिनीकडं बघत होतो.

मग तो धावत मागच्या खोलीत गेला, मी त्याच्या मागं. पश्चिमेच्या खिडकीत नळ्या ओळीनं मांडून ठेवलेल्या होत्या. काळा कागद सोडून, पुसून, 'सखू' हे नाव समोर येईल अशा. गणपतरावांनी आदल्या दुपारी माठ उपसताना डबा बाहेर काढला होता. "एक नळी निसटली अन् माठातच फुटली हो. पन म्या राखेनं बराबर धुतलं," ते म्हणाले. "बाकीचं सरकारी सामान म्हणून इथं नीट मांडून ठेवलं." बिचाऱ्यांनी काळजीच घेतली होती. आदल्या दिवसाचं मावळेपर्यंतचं ऊन त्या नळ्यांनी खाल्लं होतं. खरातनं एकेका नळीतला थेंब मायक्रोस्कोपखाली घालून बघितला. शेवटची झाली तेव्हा जेवणाची सुट्टी होऊन गेली होती. "एक बी हलंना," तो म्हणाला. काळ्या पडद्यावर चांदीच्या तारा सरळ पडून होत्या. सखूबाई दुसऱ्यांदा मेली आणि या खेपेला तिला आम्ही मारलं.

दुसऱ्या दिवशी बातमी आली की समतेचा घोट घेऊ पाहणाऱ्या अधिकाऱ्याचा ज्याच्यासाठी तो घोट त्याच कर्मचाऱ्यानं अपमान केला. चौकशी बसली. चौकशी करणाऱ्यांना एकच प्रश्न होता : ग्लास का उडवला? उत्तर सरळ होतं. त्या माठात रोगाचे जिवंत जंतू ठेवले होते, एक नळी फुटली होती. पण हे उत्तर दिलं की दुसरा प्रश्न येणार : पिण्याच्या माठात जंतू ठेवायला परवानगी कुणी दिली? नळ्यांच्या नोंदवहीवर सही माझी होती. खरात मला म्हणाला, "तुमचं प्रमोशन यायलंय डॉक्टर. मी काय, कुठंबी पोट भरीन. माठाचं नाव काढू नका." मी नको नको म्हणालो. दोनदा म्हणालो. तिसऱ्यांदा म्हणालो नाही. माझ्या जबाबात मी लिहिलं की घटनेच्या वेळी मी आतल्या खोलीत होतो, प्रकार पाहिला नाही. खालच्या ओळीत सही आणि हुद्दा. खरातनं आपल्या जबाबात, पाणी पिण्यालायक नव्हतं, एवढी एक ओळ लिहिली. ती उर्मटपणाची समजली गेली. गणपतरावांना कुणी काही विचारलंच नाही. त्याला सहायकाचा परिचर करून एका जनावरांच्या दवाखान्यात पाठवलं, तेही माझ्याच परतूरला. मागच्या खोलीत पुढं फायली ठेवायला लागले. पत्रक निघालं नाही. मला प्रमोशन मिळालं.

पुढच्या वर्षांत उसाचा ताप दर पावसाळ्याच्या शेवटी येत राहिला आणि कागदावर मेंदूज्वर होत राहिला. किती गेले ते मला माहीत नाही. ज्यांनी मोजायला हवं होतं त्यांनाही माहीत नाही. खरात गप्प बसला नाही. जनावरांना पट्ट्या बांधायची नोकरी आणि रविवारी बस धरून गावोगाव. कुणाच्या घरी तापाचं माणूस आहे कळलं की जायचा, डोळे बघायचा, पोटरी दाबायचा, आणि दुखली की त्याला उचलून दवाखान्यात नेऊन डॉक्टरशी भांडायचा. परतूरला माझी आत्या होती, ती सांगायची, "आमच्याकडं एक येडं मानूस हाय, पोटऱ्या दाबत फिरतं. पन त्यानं नेल्याली मानसं परत येतात म्हनं." तो कोण हे मी आत्याला सांगितलं नाही. परतूरला वर्षातून चारदा जायचो, दवाखाना रस्त्यावरच होता. मी रिक्षा दुसऱ्या रस्त्यानं न्यायला सांगायचो. लाज वाटली की माणूस वाट बदलतो, हा काही माझाच शोध नाही.

दोन हजार सालानंतर कधीतरी औरंगाबादला एक मोठी परिषद झाली. हा रोग आपल्या भागात आहे, कावीळ नसतानाही मेंदूवर जातो, पहिल्या दिवसापासून औषध द्या, असं एका नामांकित डॉक्टरांनी रंगीत पडद्यावर दाखवलं. टाळ्या झाल्या. मी बाहेर येऊन खरातला फोन केला, कित्येक वर्षांनी. सगळं सांगितलं, म्हणालो, खरात, हे सगळं तुमच्या पिंजऱ्यात आपण तेव्हाच पाहिलं होतं. मग त्यानं विचारलं, "औषध तेच सांगितलं ना त्यांनी?" हो म्हणालो. "मंग झालं तर. येळ लागला जरा." मला त्याचा राग आला. एवढा समजूतदारपणा करायचा हक्क त्याला कुणी दिला होता? शिव्या घालायला हव्या होत्या त्यानं, मला, भर फोनवर. त्याऐवजी म्हणाला, "डॉक्टर, एकदा घरी या बदनापूरला." येतो म्हणालो. नाही गेलो.

गेल्या आठवड्यात गेलो. स्टेशनपासून चालत जाण्याएवढ्या अंतरावर घर. कमलवहिनींना मी पहिल्यांदाच बघत होतो. त्यांनी मला नाव सांगण्याआधी ओळखलं. खरातचा फोटो, शेजारी ती तापाची वही, आणि स्लाइडची लाकडी पेटी पुसून ठेवलेली. त्या म्हणाल्या, "मुली म्हनल्या टाकून द्या. मी म्हनलं, डॉक्टरला इचारल्याबिगर न्हाई." मी पेटी उघडली. माझ्या अक्षरातली चिठ्ठी, त्याखाली त्याच्या अक्षरात 'सखू'. बाहेर ऑक्टोबरचं ऊन तापलं होतं. वहिनी स्टीलच्या तांब्यात नळाचं पाणी घेऊन आल्या. तेवढ्यात मला मागच्या पडवीत तिवईवर तो माठ दिसला. तोच. काठाला तोच टवका उडालेला. तोंडाला फडकं बांधलेलं. मला काय झालं कोण जाणे, मी म्हणालो, "वहिनी, मला त्यातलं द्या."

"त्यात पानी न्हाई साहेब," त्या म्हणाल्या. "कधीच नसतंय. तिकडून आनला तवापासून त्यांनी भरूच दिला न्हाई." मला वाटलं फुटलेल्या नळीच्या भीतीनं असेल. पण कोरड्या मातीत हा जंतू फार टिकत नाही, हे मला खरातनंच शिकवलं होतं. त्याला माठाची भीती असणं शक्यच नव्हतं. मी विचारलं, का नाही भरू दिला?

वहिनी फडक्याची गाठ सोडत होत्या. "मी बी इचारलं एकदा. तर म्हनले, डॉक्टर यायचेत घरी. ते आले का भरू."

त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "भरू का मंग आता?" मी मान डोलावली. त्यांनी माठ विसळला, दोन कळश्या ओतल्या. इतकी वर्षं कोरडी पडलेली ती माती पाणी पीत असल्याचा बारीक आवाज येत होता. मी ग्लास पुढं केला. पाणी कोमट होतं. रिकामा राहिलेला माठ भरल्या भरल्या गार होत नाही, त्याला रात्रभर वेळ द्यावा लागतो. मी दुसरा ग्लास मागितला.